ज्युलिया रॉबिन्सन आणि शेवटच्या आकड्याची गंमत

एआय आता गणित संपवणार, कुठलंही समीकरण टाका आणि उत्तर घ्या, असं हल्ली रोज कोणीतरी छातीठोकपणे सांगतं. ही हौस जुनीच आहे. जर्मन गणिती हिल्बर्टने १९०० साली जे २३ प्रश्न मांडले त्यातला दहावा हाच: बहुपदी समीकरण दिलं तर त्याला पूर्णांकात उत्तर आहे की नाही हे ठरवणारी, सगळ्या समीकरणांना चालणारी एकच रीत सांगा. १९७० साली सिद्ध झालं की अशी रीत नाहीच, म्हणजे कितीही तगडा कम्प्युटर आणा, एकेक समीकरण सुटेल पण सगळ्यांना पुरणारा प्रोग्राम लिहिताच येणार नाही. यातला मोठा वाटा अमेरिकेतल्या ज्युलिया रॉबिन्सन यांचा.

जन्म १९१९ चा. लहानपणी संधिज्वराने हृदय कायमचं अधू झालं, शाळेची दोनेक वर्षं बुडाली. पुढे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात तर्कशास्त्रज्ञ टार्स्कींकडे १९४८ साली तर्कशास्त्रात पीएचडी. नवरा त्याच गणित विभागात प्राध्यापक, आणि नवरा-बायको एका विभागात नकोत असा नियम, त्यामुळे बाईंना तिथे नोकरी नाही. त्या घरी बसून दहाव्या प्रश्नामागे लागल्या.

आता खरी मजा. समीकरणाने संख्या निवडता येतात, म्हणजे अ = (क्ष+२)(य+२) घ्या, क्ष आणि य शून्य किंवा मोठे; याला उत्तर असेल तरच अ ही संयुक्त संख्या. मग कम्प्युटर जी जी यादी छापू शकतो ती सगळी समीकरणाने निवडता आली तर? मग 'उत्तर आहे का' विचारणं म्हणजे 'हा आकडा प्रोग्राम कधीतरी छापेल का' विचारणं, आणि याला सरसकट उत्तर देणारी रीत नाही हे ब्रिटिश गणिती ट्युरिंगच्या १९३६ च्या कामातून निघतं. डेव्हिस, पटनम हे दोन अमेरिकन गणिती आणि रॉबिन्सन यांनी १९६१ साली हे जवळजवळ केलंच, फक्त त्यांना समीकरणात 'दोनचा क्ष-वा घात' असली पदं लागत होती. ती साध्या बहुपदीतून कशी काढायची? बाईंनी १९५२ मध्येच दाखवलेलं की असं एक समीकरण पुरे ज्यात एक चल दुसऱ्याच्या मानाने घातासारखा भराभर वाढतो, पण अगदी बेफाम नाही.

त्यांचं हत्यार होतं पेलचं समीकरण, म्हणजे एका वर्गातून दुसऱ्या वर्गाची ठरावीक पट वजा केली की १ उरतो असं. क्ष² − १२०य² = १ घ्या. य ची उत्तरं ओळीने: १, २२, ४८३, १०६०४, २३२८०५, ५११११०६. दर वेळी साधारण २२ पट. आता शेवटचे आकडे वाचा: १, २, ३, ४, ५, ६! कितवं उत्तर ते त्याच्या शेपटीतच लिहिलंय! कारण १२० = ११² − १, आणि ११ च्या जागी कुठलाही क घेतलात तर न-व्या उत्तराला (क − १) ने भागल्यावर बाकी न सारखीच येते, म्हणून क पुरेसा मोठा घेतला की बाकी हाच क्रमांक. पण बाकीवरून क्रमांक पक्का बांधून ठेवायला अजून एक खिळा हवा होता, तो काही सापडेना.

हेच समीकरण आपल्याकडे वर्गप्रकृती. भास्कराचार्यांनी ११५० च्या बीजगणितात चक्रवाल पद्धतीने क्ष² − ६१य² = १ सोडवलंय, सर्वात लहान उत्तर १७६६३१९०४९ आणि २२६१५३९८०, हाताने! चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे. अभिमान जरूर बाळगा, पण 'सगळं आपल्या ग्रंथात होतंच' हे फॉरवर्ड कृपा करून नको. उत्तर काढणं वेगळं आणि सगळ्यांसाठी रीतच नाही हे सिद्ध करणं वेगळं, दुसरा प्रश्न तेव्हा कोणी विचारलाच नव्हता.

खिळा ठोकला लेनिनग्राडच्या युरी मतियासेविच या २२ वर्षांच्या पोराने, जानेवारी १९७० मध्ये, बाईंचा नवा पेपर वाचून. त्याने फिबोनाची संख्या घेतल्या, म्हणजे १, १, २, ३, ५, ८ अशी ओळ, जिच्यात प्रत्येक संख्या आधीच्या दोघींची बेरीज: तिसऱ्यापासून पुढची कुठलीही फिबोनाची संख्या घ्या, तिच्या वर्गाने दुसऱ्या फिबोनाचीला भाग गेला तर ती पहिली संख्या दुसरीच्या क्रमांकालाही भागते. म्हणजे क्रमांक पुन्हा हातात. बाई अजिबात खट्टू झाल्या नाहीत, उलट शीतयुद्ध चालू असताना दोघांनी मिळून पेपर लिहिले.

सत्तरच्या दशकात त्या अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसमध्ये निवडून आल्या, गणितातल्या पहिल्या स्त्री, आणि मग कुठे बर्कलीने प्रोफेसर केलं. १९८५ मध्ये ल्युकेमियाने गेल्या. पूर्णांकांऐवजी अपूर्णांकही चालतील म्हटलं तर दहावा प्रश्न आजही सुटलेला नाही. परिमेय संख्यांमधून (पूर्णांक आणि अपूर्णांक सगळे धरून) पूर्णांक तर्काच्या सूत्राने वेगळे काढता येतात हे बाईंच्या १९४८ च्या प्रबंधातच आहे, पण त्या सूत्रात 'प्रत्येक' हा शब्द येतो. तो काढून नुसत्या समीकरणाने तेच जमलं तर तिथेही उत्तर 'रीत नाही' असंच येईल.