द्विसदस्यीय मतदारसंघ

ज्या मतदारसंघातून एकाच निवडणुकीत, एकाच मतदारयादीवरून दोन प्रतिनिधी निवडले जातात, त्याला द्विसदस्यीय मतदारसंघ म्हणतात. स्वतंत्र भारतात लोकसभा व राज्य विधानसभा यांच्या १९५१–५२ आणि १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकांत ही रचना प्रचलित होती व १९६१ च्या कायद्याने ती संपुष्टात आली. अशा बहुतेक मतदारसंघांत एक जागा अनुसूचित जाती किंवा अनुसूचित जमातीसाठी राखीव आणि दुसरी सर्वसाधारण असे.

या रचनेच्या उगमाविषयी एकमत नाही. ब्रिटनमध्ये एका मतदारसंघातून दोन सभासद पाठवण्याची प्रथा मध्ययुगापासून होती आणि तिचे अवशेष १९५० च्या निवडणुकीपर्यंत टिकले. भारतीय रचना हे तिचेच अनुकरण होय, असे काही जण मानतात. परंतु ब्रिटनमधील दुसरी जागा कोणत्याही समाजासाठी राखून ठेवलेली नसे. त्यामुळे भारतीय द्विसदस्यीय मतदारसंघाचा पूर्वज १९१९ च्या सुधारणा कायद्याखालील प्रांतिक कौन्सिलांत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या वेळी मद्रास इलाख्यात ब्राह्मणेतरांसाठी २८ आणि मुंबई इलाख्यात मराठा व तत्सम जातींसाठी ७ जागा बहुसदस्यीय मतदारसंघांमध्ये राखण्यात आल्या होत्या. मतदार सर्वांचे, जागा मात्र विशिष्ट समाजाची, हे तत्त्व तेथे प्रथम अमलात आले असे म्हणता येईल. मुसलमानांना १९०९ पासून मिळालेले विभक्त मतदारसंघ, म्हणजे केवळ त्याच समाजाच्या मतदारांनी आपला प्रतिनिधी निवडण्याची पद्धत, ही याहून अगदी वेगळी व्यवस्था होती.

अस्पृश्य वर्गाच्या बाबतीत ब्रिटिश सरकारच्या ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने विभक्त मतदारसंघ देऊ केले होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने त्यांच्या जागी संयुक्त मतदारसंघ व प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा आल्या; त्यांपैकी १५ मुंबई प्रांताच्या वाट्याच्या होत्या. करारान्वये राखीव जागेसाठी अस्पृश्य मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार जणांचे पॅनेल निवडावयाचे व त्यांतून एकाची निवड सर्व मतदारांनी करावयाची होती. राखीव जागा एखाद्या सर्वसाधारण मतदारसंघातच बसवायची, तर तो मतदारसंघ बहुसदस्यीय होणे ओघानेच आले.

मात्र एका मतदाराने आपली मते कशी द्यायची, हा प्रश्न करारात मोकळा राहिला होता आणि पुढील वादाचे मूळ त्यातच आहे. वितरित पद्धतीत मतदाराला जागांइतकी मते मिळतात, पण एका उमेदवाराला त्याने एकच मत द्यायचे असते. संचित पद्धतीत सगळी मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकता येतात. राखीव जागेवरील उमेदवाराची खरी लढत आपल्याच समाजातील, पण बहुसंख्याकांच्या पक्षाने उभ्या केलेल्या उमेदवाराशी असते. तीन जागांच्या मतदारसंघात दलित मतदाराने तिन्ही मते एकाला दिली, तर त्याच्या मताचे वजन तिप्पट होते. वितरित पद्धतीत त्याची उरलेली दोन मते एक तर परक्या उमेदवारांना जातात, नाही तर वाया जातात. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात संचित पद्धत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वर्षी भायखळा–परळ या बहुसदस्यीय मतदारसंघातून निवडून आले. राखीव जागेसाठी त्यांच्या विरोधात काँग्रेसने प्रसिद्ध क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले होते. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने प्रांतातील बहुसंख्य राखीव जागा जिंकल्या, त्यात या पद्धतीचा वाटा किती व संघटनेचा किती, हे वेगळे काढणे अवघड आहे.

संविधानाने राखीव जागा ठेवल्या, पण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने वितरित पद्धत स्वीकारली. त्याच्या ६३ व्या कलमान्वये मतदाराला जागांइतकी मते मिळत व एका उमेदवाराला एकाहून अधिक मते देता येत नसत. दिल्यास एकच धरले जाई व बाकीची बाद होत. मोजणीनंतर राखीव जागेस पात्र असलेल्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा आधी विजयी घोषित होई. मग उरलेल्या सर्व उमेदवारांतून, जातजमात न पाहता, सर्वाधिक मतांचा उमेदवार दुसऱ्या जागेवर निवडला जाई. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची निवडणूक चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी असे. मतदार आडोशामागे जाऊन मतपत्रिकेवर कोणतीही खूण न करता ती पेटीत टाकत असे, त्यामुळे दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत पडण्यास प्रत्यक्षात काहीच अडथळा नव्हता. या मतदारसंघांतील एकूण मते मतदारांच्या संख्येपेक्षा जास्त भरतात, हे जुन्या निकालांची तुलना करताना पुष्कळदा विसरले जाते.

पहिल्या लोकसभेच्या ४८९ जागा ४०१ मतदारसंघांत विभागलेल्या होत्या: ३१४ एकसदस्यीय, ८६ द्विसदस्यीय व उत्तर बंगाल हा एक त्रिसदस्यीय. १९५७ मध्ये ४९४ जागांसाठी द्विसदस्यीय मतदारसंघ ९१ होते. मुंबई राज्याच्या १९५२ च्या विधानसभेत ४३ द्विसदस्यीय व २ त्रिसदस्यीय मतदारसंघ होते.

सर्वाधिक चर्चा झाली ती मुंबई शहर उत्तर मतदारसंघातील १९५२ च्या निवडणुकीची. तेथे काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी सर्वसाधारण जागेवर व नारायण सदोबा काजरोळकर राखीव जागेवर निवडून आले. काजरोळकरांना १,३८,१३७, तर आपल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन या पक्षातर्फे उभे असलेल्या आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली. फेडरेशनशी युती केलेल्या समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांची मते काजरोळकरांहून थोडी अधिक होती. तरीही राखीव जागेच्या नियमामुळे ते पराभूत ठरले. कम्युनिस्टांनी श्रीपाद अमृत डांगे यांच्यासाठी प्रचार करताना दुसरे मत ‘कुजवा’ (वाया घालवा) असे मतदारांना सांगितले, असा आरोप झाला. बाद मतांचा आकडा कोणी ७४ हजार, तर कोणी ७८ हजार सांगतात. आंबेडकर व मेहता यांनी निवडणूक याचिका दाखल केली, पण ती फेटाळली गेली. पराभवाचे मुख्य कारण कुजवलेली मते हेच होते, असे चरित्रकार व अनुयायी मानतात. ही मते काजरोळकर व आंबेडकर यांच्या मतांतील फरकाहून कितीतरी जास्त होती हे खरे. तथापि ती सर्व एरवी आंबेडकरांनाच मिळाली असती, असे धरता येत नाही. विरोधी मते समाजवादी व कम्युनिस्ट यांच्यात फुटली आणि काँग्रेसच्या जोडीला दोन्ही मते एकदम मिळाली, हे स्पष्टीकरण अधिक पटण्याजोगे आहे.

मे १९५४ मध्ये, तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या भंडारा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत आंबेडकर व मेहता ही जोडी पुन्हा उभी राहिली. मेहता सर्वसाधारण जागा जिंकले. आंबेडकर राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. दुसरे मत कुजवण्याचा कार्यकर्त्यांचा सल्ला आंबेडकरांनी धुडकावला, अशी हकीकत सांगितली जाते. पुढील वर्षी भाषावार राज्यांविषयी लिहिताना त्यांनी दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ व संचित मतदान यांचा पुरस्कार केला. त्यांचा आक्षेप बहुसदस्यीय मतदारसंघाला नव्हता, मत एकवटू न देण्याला होता, हे यावरून दिसते. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीच्या आघाडीत मात्र याच रचनेचा फेडरेशनला लाभ झाला. मुंबई शहर मध्य मतदारसंघातून डांगे व फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने, तर कोल्हापुरातून शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर व फेडरेशनचे शंकरराव दिगे लोकसभेवर गेले.

रचना मोडीत निघण्यास आंध्रातील पार्वतीपुरम येथील १९५७ चा निकाल निमित्त झाला, असे सामान्यतः मानले जाते. तेथे दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी ५६५ मतांनी हरले. राखीव जागेसाठी अर्ज भरणाऱ्यास सर्वसाधारण जागा मिळू शकत नाही, तसेच विजयी उमेदवार डी. सूरी डोरा हे आता जमातीचे उरले नसून क्षत्रिय झाले आहेत, असे गिरींच्या बाजूने मांडण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये दोन्ही मुद्दे अमान्य केले. अवाढव्य क्षेत्र, दुप्पट खर्च व मतदारांशी तुटणारा संपर्क ही कारणे मात्र त्याआधीपासून पुढे केली जात होती आणि एकट्या पार्वतीपुरमला एवढे श्रेय देणे कदाचित अतिशयोक्त ठरेल.

१९६१ च्या निरसन कायद्याने प्रत्येक द्विसदस्यीय मतदारसंघाचे दोन भाग करून एक राखीव ठरवण्याचे काम निवडणूक आयोगाकडे सोपवले आणि १९६२ ची निवडणूक सर्वत्र एकसदस्यीय मतदारसंघांतून झाली. राखीव भागातील इतर समाजांच्या लोकांना तेथे उमेदवारीचा हक्क उरला नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे. महाराष्ट्रातील महानगरपालिकांची बहुसदस्यीय प्रभाग पद्धती या द्विसदस्यीय रचनेशी नावापुरतीच जुळते. २०१७ मध्ये पुण्याचे १६२ नगरसेवक ४१ प्रभागांतून निवडले गेले, परंतु प्रभागातील अ, ब, क, ड या प्रत्येक जागेची लढत व मोजणी स्वतंत्र असल्याने एका जागेचे मत दुसऱ्या जागेच्या उमेदवाराला देता येत नाही.