बाजूला होणं म्हणजे कबुली नव्हे

‘अमेरिकेचे तेव्हाचे अॅटर्नी जनरल (न्याय खात्याचे प्रमुख) जेफ सेशन्स २०१६च्या निवडणुकीतल्या रशियन हस्तक्षेपाच्या चौकशीतून बाजूला झाले, म्हणजे नक्कीच पाणी मुरत होतं’, असं २०१७पासून बोललं जातं. हा तर्क चुकीचा आहे. सेशन्स रशियन राजदूताला भेटले होते, त्यावरून गदारोळ झाला, हे खरं. पण २ मार्चला त्यांनी अंग काढून घेतलं, त्यामागे न्याय खात्याचा लेखी नियम होता: तपासाच्या केंद्रस्थानी असलेल्या व्यक्तीशी किंवा संस्थेशी राजकीय वा व्यक्तिगत संबंध असेल, तर त्या फौजदारी तपासात भाग घ्यायचा नाही. सेशन्स तर ट्रम्प यांच्या प्रचारात सल्लागार होते, आणि चौकशी त्याच प्रचाराच्या रशियाशी असलेल्या संबंधांचीही होती! आपल्याच माणसांची चौकशी आपणच कशी करणार? १७ मे रोजी या चौकशीसाठी विशेष वकील म्हणून रॉबर्ट म्युलर यांना नेमलं तेही न्याय खात्याचे उपप्रमुख रॉड रोझेनस्टाइन यांनी, सेशन्स यांनी नव्हे.