सव्वासात डॉलर : अमेरिकेतल्या किमान वेतनाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ठरवलेले किमान वेतन आहे तासाला ७.२५ डॉलर. २४ जुलै २००९ रोजी ते सव्वासात झाले आणि तिथेच राहिले. १९३८ साली कायदा आल्यापासून दर एवढा काळ कधीच अडकून पडला नव्हता. दरम्यान भाव जवळपास दीडपट झाले. आठवड्याचे ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही खाडा न करता राबलेल्या माणसाला या दराने वर्षाला १५,०८० डॉलर मिळतात, तेही कर कापण्याआधी.

आपल्याकडे किमान वेतनासोबत महागाईशी जोडलेला विशेष भत्ता असतो. महाराष्ट्रात तो दर सहा महिन्यांनी नव्याने जाहीर होत आला आहे. अंमलबजावणी किती होते हा वेगळा प्रश्न, पण आकडा तरी हलतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात ही सोयच नाही. प्रत्येक वाढीसाठी तिथल्या संसदेला नवा कायदा करावा लागतो. मुळात हा कायदा कोणाला आत घेऊन आणि कोणाला बाहेर ठेवून जन्माला आला, ते पाहिल्याशिवाय आजची कोंडी समजत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी मजुरी म्हणजे मालक आणि मजूर यांच्यातला खाजगी करार, सरकारने त्यात पडू नये, असे तिथली न्यायालये मानत. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९१२ मध्ये स्त्रिया आणि मुलांपुरता पहिला किमान वेतन कायदा केला. पण १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने राजधानी वॉशिंग्टनमधला तसाच कायदा करारस्वातंत्र्याच्या नावाखाली रद्द केला. उपाशी बाई आणि हॉटेलमालक हे दोघे समान पातळीवर बसून करार करतात, हे त्यामागचे गृहीतक होते.

ते मोडले एल्सी पॅरिश या बाईने. वॉशिंग्टन राज्यातल्या वेनॅची गावी त्या एका हॉटेलात खोल्या साफ करत. राज्याच्या कायद्याप्रमाणे ४८ तासांच्या आठवड्याला साडेचौदा डॉलर मिळायला हवे होते, मिळत होते कमी. काम सुटल्यावर त्यांनी थकलेले २१६ डॉलर १९ सेंट मागितले आणि खटला लावला. २९ मार्च १९३७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. दोनशे डॉलरच्या थकबाकीसाठी लढलेल्या या बाईमुळे केंद्रीय कायद्याचा मार्ग खुला झाला, हे आठवणीत राहायला हवे.

त्या कायद्याची वाट पाहत होत्या फ्रान्सिस पर्किन्स. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कपडा कारखान्याला २५ मार्च १९११ रोजी आग लागली, तेव्हा त्या जवळच एका मैत्रिणीकडे होत्या. धावत पोचल्या आणि वरच्या मजल्यांवरून उड्या टाकणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या. १४६ जण गेले, बहुतेक स्थलांतरित कुटुंबांतल्या तरुण मुली. १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांना कामगारमंत्री केले. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ही पहिली स्त्री. पद स्वीकारण्याआधीच त्यांनी करायच्या कामांची यादी रूझवेल्टसमोर ठेवली होती, किमान वेतन त्यात होते.

२५ जून १९३८ रोजी कायद्यावर सही झाली. तासाला २५ सेंट, ४४ तासांचा आठवडा, बालमजुरीवर निर्बंध. पण लागू झाला देशातल्या जेमतेम पाचव्या हिश्श्याच्या कामगारांना. शेतमजूर वगळले गेले, घरकामगारही त्याच्या कक्षेबाहेर राहिले. दक्षिणेतल्या राज्यांचे खासदार सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षातच होते आणि स्वस्त मजुरीवर चालणारी तिथली अर्थव्यवस्था त्यांना हलू द्यायची नव्हती. त्यांच्या मतांशिवाय विधेयक पुढे सरकत नव्हते. दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीयांपुढे पर्याय होते तेच दोन: दुसऱ्याचे शेत किंवा दुसऱ्याचे स्वयंपाकघर. कायद्यात ‘वर्ण’ हा शब्द न लिहिताही भेदभाव कसा लिहिता येतो, याचा हा नमुना आहे.

ही कसर भरून काढायला जे लढले त्यांत ए. फिलिप रँडॉल्फ यांचे नाव आधी घ्यावे लागेल. पुलमन कंपनीच्या रेल्वे डब्यांत काम करणारे कृष्णवर्णीय पोर्टर अपुऱ्या पगारावर आणि प्रवाशांच्या बक्षिसीवर जगत. रँडॉल्फ यांनी १९२५ मध्ये त्यांची संघटना उभारली आणि १९३७ मध्ये कंपनीशी करार घडवला. पुढे २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. मोर्चाच्या नावात स्वातंत्र्याच्या आधी ‘नोकऱ्या’ हा शब्द होता. तासाला दोन डॉलर किमान वेतन ही त्यातली स्पष्ट मागणी होती, तेव्हा दर होता १.१५ डॉलर. मोर्चातल्या भाषणात मार्टिन ल्यूथर किंग यांनी मांडलेले स्वप्न सगळ्यांच्या लक्षात राहिले, दोन डॉलर विसरले गेले.

१९६६ च्या दुरुस्तीने मोठ्या शेतांवरचे मजूर, हॉटेले, रेस्टॉरंट, शाळा, इस्पितळे कक्षेत आली. घरकामगारांना मात्र १९७४ उजाडावे लागले, म्हणजे छत्तीस वर्षे. १९६८ चा १.६० डॉलरचा दर आजच्या भावाने चौदा-पंधरा डॉलरच्या आसपास जातो. त्या उंचीवर केंद्रीय दर पुन्हा कधी पोचला नाही.

१९६६ च्याच दुरुस्तीत एक चोरवाट राहिली. वेटरला मिळणारी टीप मालकाने त्याच्या किमान वेतनात धरावी, अशी मुभा दिली गेली. टीप घेणाऱ्यांचा मूळ दर १९९१ मध्ये २.१३ डॉलर झाला. १९९६ मध्ये तो साधारण किमान वेतनापासून तोडला गेला आणि तेव्हापासून २.१३ वरच आहे. टीप कमी पडली तर फरक मालकाने भरायचा, असे कायदा म्हणतो. पण हिशेब मालकाच्या वहीत असतो.

वेतन वाढले की नोकऱ्या जातात, हा विरोधकांचा युक्तिवाद जुना आहे. १९९२ मध्ये न्यू जर्सीने दर ४.२५ वरून ५.०५ डॉलर केला, तेव्हा डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या फास्ट फूड दुकानांची तुलना शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी केली. नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. वाद तरी मिटलेला नाही: त्याच वर्षी संसदेच्या अर्थसंकल्प कार्यालयाने १५ डॉलरचा दर नऊ लाख लोकांना गरिबीतून काढेल आणि चौदा लाख नोकऱ्या घटवेल, असा अंदाज दिला.

१५ डॉलरची ही मागणी २९ नोव्हेंबर २०१२ रोजी न्यूयॉर्कमधल्या फास्ट फूड कामगारांच्या संपातून वर आली. सिॲटल शहराने २०१४ मध्ये ती मान्य केली, मग कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क राज्यांनी. २०२० मध्ये फ्लोरिडात ट्रम्प जिंकले आणि त्याच दिवशी साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी टप्प्याटप्प्याने १५ डॉलरला कौल दिला. पक्ष कोणताही असो, भाडे सगळ्यांनाच भरायचे असते. सिनेटमध्ये मात्र मार्च २०२१ मध्ये हा प्रस्ताव ४२ विरुद्ध ५८ मतांनी पडला.

आज तीस राज्यांत केंद्रापेक्षा वरचा दर आहे. ज्यांनी स्वतःचा किमान वेतन कायदाच केलेला नाही अशी पाच राज्ये उरतात: अलाबामा, मिसिसिपी, लुईझियाना, टेनेसी आणि साउथ कॅरोलायना. पाचही दक्षिणेतली आहेत. तिथल्या मजुराच्या पाठीशी आहे तो फक्त सव्वासात डॉलरचा केंद्रीय दर.