हाफकिनना ताप कशाने आला?

१० जानेवारी १८९७. मुंबईच्या मांडवीत प्लेगचा पहिला रुग्ण सापडून चार महिने होत आले होते. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी आपलीच लस स्वतःला टोचून घेतली. मांसरसावर तुपाचे थेंब सोडायचे, त्यांना झुंबरासारखे लोंबकळत जंतू वाढू द्यायचे आणि मग ते तापवून मारायचे, अशी ती लस. (वरणभातावरचं तूप प्लेगच्याही कामी आलं, हे वाचून मला गंमत वाटली होती.) टोचून घेतल्यावर हाफकिनना सणकून ताप भरला, टोचल्या जागी ठणका लागला. काही दिवसांत ते बरे झाले.

पण जंतू तर मेलेले होते. मग ताप आणला कोणी?

जर्मन जंतुशास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांना पाच वर्षं आधीच, १८९२ मध्ये, बर्लिनमध्ये हाच पेच पडला होता. कॉलऱ्याचे मारलेले जंतू टोचले तरी गिनीपिग मरत. विष जंतूच्या अंगातच आहे असं मानून त्यांनी त्याला एंडोटॉक्सिन म्हटलं, म्हणजे अंतर्विष. आज आपण त्याला लिपोपॉलिसॅकराइड म्हणून ओळखतो. कॉलरा, प्लेग अशा जंतूंच्या बाहेरच्या आवरणातला हा रेणू: बाहेरच्या अंगाला साखरेच्या साखळ्या, आतल्या अंगाला मेदाम्लांच्या शेपट्या.

‘विष’ हा शब्द मात्र इथे थोडा फसवा आहे. सापाचं विष थेट इजा करतं. हा रेणू स्वतः फारसं काही करत नाही, तो फक्त ओळखला जातो. आपल्या भक्षक पेशींवर टीएलआर-४ नावाचा ग्राहक (असे रेणू पकडणारं प्रथिन, रिसेप्टर) असतो. एंडोटॉक्सिन ओळखणारा तोच, हे ब्रूस बॉयटलर यांनी १९९८ मध्ये दाखवलं, तेही एंडोटॉक्सिनला दादच न देणाऱ्या उंदरांमधला बिघडलेला जनुक हुडकून. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता तो या कामासाठी. शेपट्या या ग्राहकात अडकल्या की पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ असे निरोप सोडते, मेंदू शरीराचं तापमान वर चढवतो आणि हुडहुडी भरते. स्वयंसेवकांना दर किलो वजनामागे २ ते ४ नॅनोग्रॅम एंडोटॉक्सिन दिलं तरी काही तासांत ताप येतो. तेव्हा हाफकिनना ताप आणला तो त्यांच्याच पेशींनी.

एवढ्याशा गोष्टीवर एवढा गोंधळ होत असेल, तर तो थांबवणारंही कुणी हवं. आणि थांबवण्याची सोय सुरुवातीपासूनच असते. जो संदेश टीएनएफचा जनुक चालू करतो, तोच ए-२० नावाच्या प्रथिनाचाही करतो, आणि हे प्रथिन त्याच संदेशाची वाट तोडतं. थोड्या वेळाने भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१० सोडतात, त्याने शेजारच्या पेशी शांत होतात. ते ज्या उंदरांना बनवताच येत नाही, त्यांची आतडी स्वतःच्याच पोटातल्या जंतूंवरून सुजतात. शिवाय मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचं, दाह शमवणारं कॉर्टिसॉल असतं. त्या ग्रंथी काढलेला प्राणी एरवी सहज सोसेल अशा मात्रेनेही दगावतो.

मला सर्वांत आवडतो तो चौथा लगाम, सवयीचा. पॉल बीसन यांनी १९४०च्या दशकात सशांना टायफॉइडची लस रोज टोचली, तर ताप दिवसागणिक उतरत गेला. पेशी थकल्या असं वाटेल, पण तसं नाही. दुसऱ्या खेपेला दाह पेटवणारे जनुक मिटलेले राहतात, जंतू मारणारी प्रथिनं बनवणारे उघडेच असतात. म्हणजे ढोल बंद, पहारा चालू.

हे लगाम सुटले की सेप्सिस होतो: रक्तदाब कोसळतो, किडन्या बंद पडू लागतात. मग टीएनएफ अडवला की रुग्ण वाचेल, नाही का? १९९०च्या दशकात ते करून पाहिलं गेलं आणि फसलं. संधिवाताच्या (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णांना तीच कल्पना लागू पडली. सेप्सिसमध्ये मात्र आग आणि लगाम दोन्ही एकाच वेळी चालू असतात, आणि पुष्कळदा लगामच इतका आवळला जातो की रुग्णाला दुसराच संसर्ग गाठतो.

आता पुन्हा प्लेगकडे. पिसवेच्या थंड अंगात हा जंतू सहा शेपट्यांचं एंडोटॉक्सिन बनवतो. माणसाच्या ३७ अंशांत आला की चारच शेपट्यांचं. चार शेपट्या टीएलआर-४ ला नीट दिसत नाहीत. म्हणजे गाजावाजा होण्याआधीच जंतू रक्तात पसरलेला असतो. लेप्टोस्पायरा या जंतूचीही अशीच चलाखी: त्याचं एंडोटॉक्सिन माणसाच्या टीएलआर-४ ला ओळखू येत नाही, उंदराच्या येतं. उंदीर धडधाकट फिरतो, मुततो, आणि मुंबईत पावसाळ्यात हिंदमाताला गुडघाभर पाण्यातून चाललेल्याला लेप्टो होतो. (हाफकिन इन्स्टिट्यूट तिथून हाकेच्या अंतरावर, परळला.)

२००६ मध्ये शास्त्रज्ञांनी प्लेगच्या जंतूत ई. कोलायचा एक जनुक घातला. आता ३७ अंशांतही त्याला सहा शेपट्या फुटू लागल्या. बाकी सगळी हत्यारं जागच्या जागी होती. तरीही हा जंतू टोचलेले उंदीर जगले.