पोर्टेबल वेगळं, युजर इन्स्टॉल वेगळं: ॲडमिन पासवर्ड नसताना काय घ्यायचं?

बेळगावातली कॉलेजची लॅब असो, खानापूर-चिकोडीकडची पतसंस्था असो किंवा निपाणीहून रोज कागलच्या एमआयडीसीत जाणाऱ्याचा ऑफिसचा लॅपटॉप असो, अनुभव एकच. सेटअपवर डबल क्लिक केलं की स्क्रीन काळवंडते आणि ॲडमिनचा पासवर्ड मागते. पासवर्ड असतो सिस्टीम बघणाऱ्या माणसाकडे, आणि तो फोन उचलत नाही. शेजारचा म्हणतो, "पोर्टेबल टाक की रे." दुसरा म्हणतो, "युजर सेटअप घे." आपण एकच सांगतोय असं दोघांनाही वाटतं. पण पासवर्ड लागत नाही, एवढंच काय ते दोन्हींत साम्य.

मुळात पासवर्ड कशासाठी मागतात? विंडोजमध्ये 'प्रोग्रॅम फाइल्स' हे फोल्डर आणि रजिस्ट्रीचा, म्हणजे विंडोज आपली सेटिंग लिहून ठेवतं त्या नोंदवहीचा, काही भाग त्या मशीनवरच्या सगळ्या खात्यांचा सामाईक असतो. तिथे लिहायचं तर ॲडमिनची परवानगी हवी. सॉफ्टवेअर चांगलं की वाईट याच्याशी त्या खिडकीचा संबंध नाही.

युजर इन्स्टॉल सामाईक जागेला हातच लावत नाही. ते तुमच्या खात्यातल्या 'ॲपडेटा' नावाच्या लपवलेल्या फोल्डरात जाऊन बसतं. सामाईक वाड्यात आपल्या वाटणीच्या खोलीत कपाट ठेवल्यासारखं. त्याला भाऊबंदांची सही लागत नाही. बाकी सगळं रीतसर होतं: स्टार्ट मेन्यूत नाव येतं, ॲप्सच्या यादीत नोंद होते आणि काढायचं तर तिथूनच अनइन्स्टॉल करता येतं. क्रोमच्या सेटअपला परवानगी मिळाली नाही तर तो याच वाटेने जातो. पायथनचा नेहमीचा सेटअपही मुद्दाम वेगळं सांगितलं नाही तर तुमच्यापुरताच बसतो. मात्र त्याच मशीनवर दुसरं कोणी आपल्या खात्याने लॉगिन केलं, तर त्याला यातलं काहीच दिसणार नाही.

पोर्टेबल मात्र बसतच नाही. ते नुसतं फोल्डर असतं. झिप उघडायची, आतली फाइल चालवायची, झालं. सेटिंगही त्याच फोल्डरात राहतात, म्हणून पेन ड्राइव्हवर घेऊन हिंडता येतं. नको झालं तर फोल्डर उडवायचं.

फरक नीट बघायचा असेल तर व्हीएस कोड या प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरची डाउनलोडची यादी उघडा. विंडोजसाठी तिथे एकच सॉफ्टवेअर तीन रूपांत आहे: सिस्टीम इन्स्टॉलर, युजर इन्स्टॉलर आणि झिप. सिस्टीमवाल्याला पासवर्ड लागतो, तो सोडा. युजरवाला नवी आवृत्ती आली की स्वतःच अपडेट होतो, तेही पासवर्ड न विचारता. झिप तशी होत नाही. नवी आणून जुनीच्या जागी आपणच ठेवायची. आणि झिप घेतली म्हणजे लगेच पोर्टेबल झाली असंही नाही. आत 'डेटा' नावाचं रिकामं फोल्डर स्वतः बनवावं लागतं. ते नसेल तर सेटिंग आणि एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडलेल्या सोयी, मुकाट्याने त्या मशीनवरच्या तुमच्या खात्यात जातात, आणि पेन ड्राइव्ह घरच्या कॉम्प्युटरला लावला की एडिटर कोरा दिसतो. लॅबमधली निम्मी पोरं इथेच अडतात, असा माझा अंदाज.

मग निवडायचं कसं? मशीन रोजचं आणि खातं फक्त तुमचं असेल तर डोळे झाकून युजर इन्स्टॉल घ्या. अपडेट आपोआप होणं ही ब्राउझरसारख्या गोष्टीत चैन नाही, गरज आहे. वर्षभर जुन्या पोर्टेबल ब्राउझरवरून बँकेचं काम करू नये. उलट लॅबमध्ये रीस्टार्ट केल्यावर सगळं पुसलं जात असेल किंवा वीस जण एकाच 'स्टुडंट' खात्यावर बसत असतील, तर पोर्टेबलच बरं.

पोर्टेबलचा एक धोका लोक विचारातच घेत नाहीत. फायरफॉक्सचं पोर्टेबल रूप पेन ड्राइव्हवर असेल, त्यात पासवर्ड साठवलेले असतील आणि त्या साठ्यालाच कुलूप घालणारा प्रायमरी पासवर्ड लावलेला नसेल, तर पेन ड्राइव्ह ज्याच्या हाती पडेल त्याला ते सगळे वाचता येतात. खडेबाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह विसरणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही. शिवाय पोर्टेबल वापरलं म्हणजे मशीनवर मागमूस राहत नाही, हाही गैरसमज. अलीकडे उघडलेल्या फाइलींची नोंद विंडोज स्वतः ठेवतंच.

काही ठिकाणी दोन्ही चालत नाहीत. प्रिंटरचा किंवा बायोमेट्रिक यंत्राचा नवा ड्रायव्हर टाकायचा तर पासवर्ड लागतोच. ऑफिसने ॲपलॉकरसारखी, म्हणजे ठरवून दिलेलेच प्रोग्रॅम चालू देणारी, बंदी लावली असेल, तर ॲपडेटातली काय आणि पेन ड्राइव्हवरची काय, फाइल उघडणारच नाही. तिथे आडवाटा शोधत बसू नये, सरळ विचारावं. नोकरीचा प्रश्न असतो.

आपल्याकडे मात्र पुष्कळदा सॉफ्टवेअर नकोच असतं, अर्ज मराठीत टाइप करायचा असतो. कन्नडसाठी मशीनवर नुडी हे टायपिंगचं सॉफ्टवेअर आधीच कोणीतरी टाकून ठेवलेलं असतं, मराठीची सोय आपली आपण बघायची. विंडोज 10 च्या 2019 च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे मराठी टाइप करायची सोय, आतच आहे. भाषेच्या सेटिंगमधून तो जोडायला सहसा पासवर्ड लागत नाही. फॉन्टही आता आपल्या खात्यापुरता टाकता येतो. फाइलवर राइट क्लिक करून साधं 'इन्स्टॉल' निवडा. त्याच यादीतलं 'सगळ्या युजरसाठी' निवडलंत, तर पुन्हा तीच काळवंडलेली स्क्रीन.