आठ की नऊ? लँथनाइड कार्बोक्झिलेटमधला जुना घोळ

टर्बियम बेंझोएटची पांढरी भुकटी यूव्ही दिव्याखाली धरली की हिरवीगार पेटते. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात एमएस्सीची मुलं हे दर वर्षी पाहतात आणि दर बॅचला कुणीतरी विचारतंच, "सर, नाशिकरोडला छापतात त्या नोटांत हेच असतं का?" नोटेवरचा क्रमांक त्याच दिव्याखाली चमकतो, म्हणून ही शंका. पण नुसत्या चमकेवरून लँथनाइड (लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची मूलद्रव्यं, टर्बियम आणि युरोपियम त्यातलीच) ठरत नाही, साधे सेंद्रिय रंगही चमकतात. त्यांचा वर्णपट रुंद पसरलेला असतो, लँथनाइडच्या रेषा मात्र बारीक आणि ठरलेल्या जागी येतात: युरोपियमची ६१५ नॅनोमीटरच्या आसपास, टर्बियमची ५४५ च्या. युरोच्या नोटा २००२ मध्ये चलनात आल्या, तेव्हा दोन डच रसायनशास्त्रज्ञांनी वर्णपट घेऊनच त्यातली लाल चमक युरोपियमची असल्याचं सांगितलं होतं.

स्वीडनमधल्या इटर्बीच्या खाणीत १७८७ मध्ये या मूलद्रव्यांचा काळा दगड सापडला, युरोपियम हाती आलं १९०१ मध्ये. मधला सगळा काळ मूलद्रव्यं एकमेकांपासून सोडवण्यात गेला. स्फटिक करायचे तेही त्यासाठीच, पुन्हा पुन्हा विरघळवून. आतली रचना पाहायची सोय क्ष-किरण विवर्तनाने, म्हणजे १९१२ नंतर झाली.

सेंद्रिय रेणूने प्रकाश शोषायचा आणि धातूने तो आपल्या रंगात बाहेर टाकायचा, हे १९४२ मध्ये अमेरिकेत युरोपियमच्या संयुगांवर दिसलं. पुढे याला अँटेना इफेक्ट म्हणू लागले. त्यानंतर बराच काळ कौतुक झालं ते बीटा-डायकीटोनचं (हेही दोन ऑक्सिजननी धातूला धरणारे सेंद्रिय रेणू). १९६३ मध्ये त्यांच्यावर द्रवरूप लेझरही चालला. कार्बोक्झिलेट, म्हणजे सेंद्रिय आम्लांचे क्षार (बेंझोएट त्यातलंच), बिचारे मागे राहिले. विरघळत नाहीत, वर पाणी धरून बसतात. खरं तर द्राक्षांच्या गावाला कार्बोक्झिलेट नवे नाहीत. वायनरीच्या टाकीत तळाला बसणारे खडे टार्ट्रेटचेच. उत्तर महाराष्ट्रातल्या भौतिकशास्त्राच्या विभागांत सिलिका जेलमध्ये टार्ट्रेट-ऑक्झॅलेट वाढवणं हेही जुनंच काम: परीक्षानळीत घट्ट जेल, वर दुसरं द्रावण, आणि मग आठवडे वाट पाहायची. कार्बोक्झिलेटचा बाजार खरा गरम झाला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी. टेफ्लॉनच्या अस्तराच्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) टेरेफ्थॅलिक ॲसिड, म्हणजे दोन टोकांना कार्बोक्झिलेट देणारं आम्ल, आणि लँथनाइडचा क्षार तापवला की जाळीदार स्फटिक मिळू लागले. मग रचनांचा पूर आला आणि त्याबरोबर कोऑर्डिनेशन नंबरचा, म्हणजे एका धातूला किती अणू बांधलेले आहेत याचा, वाद.

आठ की नऊ, हा तो वाद. कार्बोक्झिलेटला दोन ऑक्सिजन. कधी दोन्ही एकाच धातूला धरतात, कधी दोन धातूंमध्ये पूल बांधतात, आणि कधी दोन्ही कामं एकदम करतात. या तिसऱ्या प्रकारात एक ऑक्सिजन दोन्ही धातूंना चिकटतो, एकाला जवळून, दुसऱ्याला लांबून. नेहमीचे बंध २.३ ते २.६ अँगस्ट्रॉमचे. हा लांबचा २.७, २.८ किंवा त्याहूनही पुढे सरकतो. त्याला बंध म्हणायचं का? चित्र काढणारा प्रोग्राम आपल्या ठरावीक मर्यादेत बसलं तर रेघ ओढतो, नाही तर सोडून देतो, आणि कित्येक पेपरांत तेवढ्यावरच आठ किंवा नऊ ठरलेला असतो. माझ्या मते हा आळस आहे. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत आयनची त्रिज्या (नऊच्या हिशेबाने) १.२२ वरून १.०३ अँगस्ट्रॉमवर येते. त्यामुळे मालिकेत पुढे जाताना हा बंध हळूहळू सुटतो. तो नेमका अमुक धातूपाशी तुटला, असं सांगण्यात फारसा अर्थ नाही.

प्रकाशाचा उपयोग होतो तो पाणी मोजायला. ओ-एच बंधाची कंपनं युरोपियमची ऊर्जा पिऊन टाकतात: साध्या पाण्यात त्याच्या चमकेचं आयुर्मान साधारण ०.११ मिलिसेकंद, जड पाण्यात (त्यात ओ-एच बंध नसतात) सुमारे ४. या फरकावरून धातूला लागलेले पाण्याचे रेणू मोजायचं सूत्र १९७९ चं आहे, अर्ध्या रेणूची चूक धरूनच वापरायचं. लांबच्या ऑक्सिजनवर मात्र ते काही बोलत नाही.

मुलं आणखी एका ठिकाणी हमखास घसरतात. धातू जोडीजोडीने बसलेल्या स्फटिकात सममितीचं केंद्र आहे असं वाचलं, की युरोपियमची ६१५ ची रेषा मंद असायला हवी असं धरून बसतात. ते केंद्र दोन धातूंच्या मधोमध असतं, धातूवर नाही. म्हणून रेषा ठसठशीतच येते.

मागच्या बॅचमधल्या एका मुलीच्या स्फटिकात तो लांबचा ऑक्सिजन २.८७ वर निघाला. आठ लिहू की नऊ, यात तिचा आठवडा गेला. शेवटी तिने तक्त्यात '८ + १' लिहिलं आणि अंतर शेजारीच दिलं. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच आला.