सिंगल लेयर की डबल लेयर? पाठीवर न्यायचा हलका, परवडणारा तंबू घेताना

सिंगल लेयर तंबूत पाणी अडवणारं कापड हेच छत आणि हीच भिंत. डबल लेयरमध्ये आत जाळीचा किंवा हवा खेळणाऱ्या पातळ कापडाचा इनर, आणि त्याच्यावर चार-पाच बोटांचं अंतर राखून पाणी अडवणारा फ्लाय. दुकानात दोन्ही उभे केले तर लांबून सारखेच दिसतात. फरक कळतो पहाटे चारला, कपाळावर पहिला थेंब पडतो तेव्हा.

तो थेंब बहुतेक वेळा गळतीचा नसतो. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात काहीशे मिलिलिटर पाणी तंबूतल्या हवेत जातं. नोव्हेंबर ते जानेवारी सह्याद्रीत आभाळ निरभ्र असतं, अशा रात्री तंबूचं वरचं कापड आपली उष्णता थेट आभाळाकडे टाकतं आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतं. आतली दमट हवा त्याला टेकली की पाणी सुटतं. डबल लेयरमध्येही हे होतंच, पण ते फ्लायच्या आतल्या बाजूला होतं. थेंब इनरवरून बाहेरच्या बाहेर ओघळतात. सिंगल लेयरमध्ये तुमच्या आणि त्या ओल्या कापडाच्या मध्ये काहीच नसतं. झोपेत हात लागला, स्लीपिंग बॅगचं पायथ्याचं टोक टेकलं, की बॅग ओली.

गळती आणि दव यांत गल्लत करून अनेक जण चांगला तंबू परत करतात. ओळखायचं असं: पाऊस नसताना कापडाला सगळीकडे सारखी ओल, खासकरून डोक्याच्या वर, तर ते दव. शिवणीच्या रेषेत, झिपच्या टोकाला किंवा जमिनीच्या कोपऱ्यात एकाच जागी पाणी, तर ती गळती. दवावर सीम सीलर (शिवणी बुजवायचं लुकण) कितीही फासला तरी उपयोग नाही. त्याला हवाच लागते: वरचा झरोका उघडा, दाराची झिप वरून एक वीत खाली, आणि ओले मोजे बाहेर. जागाही बघा. भंडारदऱ्यासारख्या पाण्याच्या काठी किंवा गार हवा साचणाऱ्या खोलगटात तंबू भिजतोच. थोडं वर, झाडाच्या छायेत लावलात तर तोच तंबू बराच कोरडा राहतो, कारण झाड मध्ये आलं की कापड आभाळाला उघडं पडत नाही. वाळकी फांदी वर नाही ना, तेवढं बघून घ्या.

आता बाजार. ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारे 'डबल लेयर' डोम, म्हणजे घुमटाकार तंबू, बघाल तर पुष्कळांचं छत जाळीचं असतं आणि त्यावर टोपीएवढा फ्लाय, जो भिंतींच्या निम्म्यावरच संपतो. खालच्या भिंती एकाच कापडाच्या. म्हणजे दव धरायला सिंगल लेयर, आणि आडव्या पावसात पाणी टोपीखालून जाळीवाटे आत. दोन्हींतले तोटे एकत्र मिळतात. फोटोत एवढंच तपासा: फ्लाय जमिनीपासून १०-१५ सेंटिमीटरपर्यंत खाली येतो का, आणि त्याला स्वतःचे पेग, म्हणजे जमिनीत ठोकायच्या खुंट्या, आहेत का. दोन्हींचं उत्तर 'हो' नसेल तर पुढे वाचूही नका.

सिंगल लेयरच्या बाजूचा खरा मुद्दा वजनाचा. पण तो किती, हे आकड्यात बघावं. थ्रीएफ यूएल गिअर या चिनी कंपनीचा लानशान २ दोन्ही प्रकारांत मिळतो: डबल लेयर साधारण १.१ किलो, सिंगल लेयर प्रो साधारण ०.९ किलो. आकार जवळपास तोच, काठ्या त्याच. दुसऱ्या थराची किंमत दोन-अडीचशे ग्रॅम, म्हणजे पाव लिटर पाणी. दोघे असाल तर तेही वाटून घ्यायचं. अगदी साधा २.२ किलोचा डबल लेयर तंबूसुद्धा, एकाकडे इनर आणि पोल, दुसऱ्याकडे फ्लाय आणि पेग असा वाटला की माणशी १.१ किलो होतो. म्हणून कमी बजेटमध्ये आमचा कौल सरळ आहे: पूर्ण फ्लायचा डबल लेयर घ्या, आणि वजन पाठपिशवीतल्या जादा कपड्यांतून आणि भांड्यांतून कमी करा.

सिंगल लेयर शोभतो तो एकट्याने, कोरड्या हवेत, रोज जागा बदलत लांब चालणाऱ्याला, ज्याच्या हातात ट्रेकिंग पोल आहेतच आणि ज्याला सकाळी फडक्याने छत पुसायचा कंटाळा नाही. त्याला पावसात उभारण्याचाही फायदा मिळतो: कापड एकच, त्यामुळे आतला भाग भिजत नाही. स्वस्तातल्या बहुतेक डबल लेयर तंबूंत आधी इनर उभा करावा लागतो, आणि वळवाच्या सरीत तेवढ्या तीन-चार मिनिटांत इनरच्या जमिनीवर तळं होतं. यावर उपाय म्हणजे फ्लाय पिशवीत सर्वांत वर ठेवणं, आणि दुसऱ्याने तो इनरवर धरून ठेवणं. मे अखेरीस काजवे बघायला जाणाऱ्यांनी याची घरच्या गच्चीवर एकदा तालीम करावी. जुलैतल्या घाटमाथ्यावर मात्र दोन्ही नकोत. तिथे गावातली पडवी किंवा देऊळ गाठावं.

आकड्यांपैकी कामाचे थोडेच. फ्लायला १,५०० मिलिमीटर पाण्याचा दाब सोसणारं कापड पुरे, तंबूच्या तळाला ३,००० हवं, कारण गुडघा टेकला की तेवढ्याच जागेवर दाब कैक पटींनी वाढतो. १९०टी, २१०टी हा विणीचा दाटपणा. पाणी किती अडेल ते त्यावरून कळत नाही. नायलॉन हलकं आणि चिवट, पण भिजलं की ताणतं, त्यामुळे रात्री झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ओढाव्या लागतात. सैल फ्लाय इनरला टेकला की डबल लेयरचा सिंगल लेयर झालाच म्हणायचं. पॉलिएस्टर थोडं जड, पण सैल पडत नाही आणि उन्हालाही जास्त टिकतं. पोल फायबरग्लासचे असतील तर जोडाच्या नळीपाशी उभे चिरतात आणि काचेसारख्या कुसळी हातात घुसतात. ॲल्युमिनियमचे वाकतात, पण वाकलेले बऱ्यापैकी सरळ करता येतात. पाचशे-हजार जास्त द्यायचे तर ते इथे द्या.

पोलचाच आणखी एक प्रश्न आहे, आणि आपल्याकडे तो लेयरपेक्षा कमी महत्त्वाचा नाही. ट्रेकिंग पोलवर उभे राहणारे तंबू, मग ते सिंगल असोत वा डबल, फक्त पेगच्या ताणावर तगतात. एक मुख्य पेग सुटला की सगळं अंगावर. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी माती वीतभर आणि खाली कातळ; पेग चार बोटंही आत जात नाही. तिथे पेग जमिनीवर आडवा ठेवून त्याच्या मध्यावर दोरीचा फास अडकवा, पेगवर नारळाएवढा दगड ठेवा आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, मोठा धोंडा दाबून बसवा, म्हणजे ताण आला की पेग धोंड्याला अडतो. कापडाच्या कडीत थेट दगड अडकवू नका, बेसाल्टची धार कापड कापते. मध्ये हातभर दोरी हवीच. स्वतःच्या पोलवर उभा राहणारा डोम अशा जागी सोपा पडतो. पण रिकामा डोम वाऱ्याबरोबर कड्याकडे निघतो, म्हणून उभा केल्या केल्या आत सॅक टाका.

खाली अंथरायचं प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी ५ सेंटिमीटर लहान कापा. बाहेर डोकावणारी कड फ्लायवरून ओघळलेलं पाणी झेलते आणि तुमच्या पाठीखाली नेते.

शेवटी शिवणी. पीयू (पॉलियुरेथेन) कोटिंगच्या फ्लायला आतून कारखान्यातच टेप लावलेली येते. घेताना ती बोटाने चाचपा, कुठे सुटली नाही ना ते बघा. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन लावलेल्या नायलॉनवर टेप चिकटत नाही, म्हणून तसे तंबू पुष्कळदा शिवणी न बुजवताच येतात आणि पहिल्याच पावसात बदनाम होतात. हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन घ्या, ॲक्रिलिकचं नको. ते मिनरल टर्पेंटाइनमध्ये ब्रशने सहज पसरेल इतपत पातळ करा, आणि तंबू ताणून उभा करून शिवणीवर बाहेरून बोटभर रुंदीचा पट्टा ओढा. दोऱ्या जिथे शिवल्या आहेत तिथे दोनदा. हे काम उघड्यावर करा, वास उग्र असतो. २४ तास वाळू द्या आणि वरून टाल्कम पावडर भुरभुरवा, नाहीतर घडी चिकटते. पीयूच्या कापडाला हे सिलिकॉन धरत नाही, त्याला पीयूचाच सीलर लागतो. आणि पीयू तंबू ओला गुंडाळून कोकणात किंवा मुंबईत कपाटात पडला तर कोटिंग चिकट होऊन वास मारायला लागतं, ते पुन्हा नीट होत नाही. घरी आल्यावर पंख्याखाली पूर्ण वाळवा आणि कंपनीच्या घट्ट पिशवीत न कोंबता जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवा.